नवा गडी ओळखायचा कसा? : पहिल्या हंगामाच्या भाकिताचं गणित
(माधवनगर येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल, इथे सट्ट्याचे आकडे सांगणार आहेत. तसं काही नाही. आम्ही तिघं-चौघं मित्र. कुणी संख्याशास्त्र शिकवलंय, कुणी तालुक्याच्या सामन्यांत पंचगिरी केलीय, कुणी नुसतंच आयुष्यभर मैदानाच्या कडेला उभं राहून बघितलंय. दरवर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी आम्ही एका वहीत एक नाव लिहून ठेवतो : यंदाचा सर्वोत्तम नवोदित कोण? पैसे लावत नाही. हरला त्यानं चहा पाजायचा, एवढंच. आणि आम्ही पुष्कळ चहा पाजलाय. आपण एवढे चुकतो का, हे शोधता शोधता हे व्याख्यान तयार झालं.

हे माधवनगरात बोलायला एक कारण आहे. स्मृती मानधना १८ जुलै १९९६ला मुंबईत जन्मली, पण दोन वर्षांची असताना घरची मंडळी इथे राहायला आली आणि तिची शाळा, तिचा खेळ इथेच वाढला. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या. आज तुम्ही कुणालाही विचारा, तो म्हणेल, "ती पुढे जाणार हे आम्हाला तेव्हाच माहीत होतं." मागे वळून बघताना सगळेच ज्योतिषी असतात. खरा प्रश्न वेगळा आहे : आधी सांगता येतं का? आणि येत असेल तर किती?

या प्रश्नाचा कसून केलेला अभ्यास क्रिकेटबाहेरही सापडतो, बर्फावरच्या हॉकीत. अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये दरवर्षी उत्तम नवोदिताला कॉल्डर ट्रॉफी देतात. लीगचे पहिले अध्यक्ष फ्रँक कॉल्डर, त्यांच्या नावाची. मतं देतात हॉकीचे पत्रकार. २०२४-२५च्या हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळला, गोल आणि गोलला केलेली मदत मिळून खेळाडूचे गुण मोजतात. आपल्याकडे फारसं कुणी बर्फावरची हॉकी खेळत नाही, पण कोडं तेच आहे. म्हणून आज आपण एक पाय तिकडे आणि एक पाय आयपीएलमध्ये ठेवून बोलू. वहीत नाव लिहिण्याआधी आम्ही आता पाच प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : नवा म्हणजे कोण?

सोपा वाटतो ना? आता गंमत बघा. १९८९-९०च्या हंगामात कॉल्डर ट्रॉफी मिळाली सर्गेई मकारोव्हला. वय ३१. हा माणूस सोव्हिएत संघाचा वर्षानुवर्षांचा मोठा खेळाडू, फक्त एनएचएलमध्ये पहिल्यांदा आलेला. लोक म्हणाले, हा कसला नवखा! मग लीगनं नियम केला, हंगामाच्या सुरुवातीला वय २६च्या आत पाहिजे.

मकारोव्हचं ऐकून आम्हाला आपले विजय हजारे आठवले. ११ मार्च १९१५ला सांगलीत जन्म. रणजीत महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या, १९३९-४० साली. पण पहिली कसोटी कधी? जून १९४६, लॉर्ड्स. वय ३१! मधल्या काळात महायुद्ध होतं. १९३६ ते १९४६ भारत एकही कसोटी खेळला नाही. कागदावर हजारे तेव्हा नवोदित, प्रत्यक्षात मुरलेले. पुढे १९४८मध्ये ॲडलेडला त्यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं केली, यात नवल ते काय!

तेव्हा भाकीत करताना आधी नियम वाचायचा. आयपीएलमध्येही उदयोन्मुख खेळाडूसाठी वयाची आणि आधी खेळलेल्या सामन्यांची मर्यादा आहे, पण "पहिलाच हंगाम" अशी अट नाही. त्यामुळे तिथे बक्षीस नवख्यापेक्षा फुलून आलेल्याला मिळतं. २०२३ला यशस्वी जैस्वालला मिळालं, तो त्याचा चौथा हंगाम होता. २०२५ला साई सुदर्शनला मिळालं, त्याचाही चौथा. हे ज्याला माहीत नाही तो दरवर्षी अगदी नवं नाव लिहितो आणि चहा पाजतो.

दुसरा प्रश्न : खेळायला किती मिळणार?

आमच्या मते सगळ्यात वजनदार प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त विसरला जाणाराही हाच.

ऑक्टोबर २०१९मध्ये १७ वर्षांच्या जैस्वालनं झारखंडविरुद्ध २०३ धावा केल्या. स्पर्धा कोणती, तर आपल्या सांगलीच्या हजाऱ्यांच्याच नावाची, विजय हजारे ट्रॉफी. मग लिलावात २ कोटी ४० लाख मिळाले. मग एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात ४०० धावा आणि मालिकावीर. आम्ही २०२०च्या वहीत डोळे मिटून त्याचं नाव लिहिलं. झालं काय? तीन सामने, ४० धावा. मुलगा वाईट नव्हता, त्याला जागाच नव्हती.

त्याच वर्षी पुण्याचा ऋतुराज गायकवाड सहा डाव खेळला, २०४ धावा. म्हणजे डावाला ३४. देवदत्त पडिक्कल पंधरा डाव खेळला, ४७३ धावा. डावाला साधारण साडेएकतीस. डावामागे बघितलं तर ऋतुराज पुढे, पण बक्षीस पडिक्कलला. आणि ते बरोबरच आहे, हंगामभर उभा राहिलेल्याला मान मिळणारच.

बर्फावरही तेच. २०१५-१६मध्ये कॉनर मॅकडेव्हिड आला, सगळ्या जगानं ज्याची वाट बघितली तो मुलगा. मध्येच गळपट्टीचं हाड मोडलं. ४५ सामन्यांत ४८ गुण. आर्टेमी पनारिन ८० सामन्यांत ७७ गुण. सामन्यामागे मॅकडेव्हिड वरचढ, ट्रॉफी पनारिनला. २०२४-२५ला पुन्हा तेच : मॅकलिन सेलेब्रिनी ७० सामन्यांत ६३ गुण, लेन हटसन ८२ सामन्यांत ६६ गुण, ट्रॉफी हटसनला.

म्हणून आम्ही आता "कोण चांगला?" विचारायच्या आधी "कोणाच्या संघात जागा रिकामी आहे?" हे विचारतो. सलामीवीर निवृत्त झालाय का? संघाकडे त्या जागी परदेशी खेळाडू आहे का? मुलगा मागच्या वर्षी दुखापतीतून उठलाय का? हे प्रश्न रंगतदार नाहीत, पण उत्तर इथेच असतं.

तिसरा प्रश्न : खालच्या पायरीवरचं वरच्या पायरीवर किती टिकतं?

ऑक्टोबर २०१३. वडोदऱ्याचं अलेम्बिक मैदान. एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धेत महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध स्मृती १५० चेंडूंत नाबाद २२४. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी पहिली भारतीय महिला. आता सांगा, यावरून तिचं भारतासाठीचं पहिलं शतक कधी येईल असं तुम्ही सांगितलं असतं? पुढच्या वर्षी?

भारताकडून ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये खेळायला लागली होती. एकदिवसीय सामन्यातलं पहिलं शतक आलं फेब्रुवारी २०१६मध्ये, ऑस्ट्रेलियात होबार्टला, १०२ धावा. जवळजवळ तीन वर्षं! २२४ खोटे नव्हते. पण खालच्या पायरीवरची धाव आणि वरच्या पायरीवरची धाव यांचं नाणं एक नाही. रुपया आणि डॉलर दोन्ही पैसेच, पण विनिमयाचा दर लावावा लागतो.

हॉकीवाल्यांनी हा दर खरोखरच काढलाय. एका लीगमधून एनएचएलमध्ये गेलेल्या सगळ्या खेळाडूंचे आधीचे आणि नंतरचे गुण घ्यायचे आणि सरासरी किती उरतात ते बघायचं. मोठ्या माणसांच्या कडक लीगमधून आलेल्याचे बरेच उरतात, पोरांच्या लीगमधून आलेल्याचे फार गळतात. पनारिनची ट्रॉफी इथेच कळते. तो २४ वर्षांचा, रशियातल्या मोठ्या लीगमध्ये पुरुषांशी खेळून आलेला. मॅकडेव्हिड १८ वर्षांचा, ज्युनिअरमधून आलेला. गुणवत्ता कुणाची जास्त हा प्रश्न वेगळा, पण पहिल्या वर्षी तयार कोण, हा प्रश्न वेगळा.

चौथा प्रश्न : मूठ केवढी?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा तुम्ही बघितलाय. व्यापारी पोत्यातून मूठभर हळकुंडं काढतो, एखादं मोडून आतला रंग बघतो आणि बोली लावतो. पण जाणता व्यापारी एकाच पोत्यावर सगळ्या ढिगाचा भाव ठरवत नाही. मूठ लहान असेल तर फसायची शक्यता मोठी.

ऋतुराजचे २०२०मधले पहिले तीन डाव आठवा : ०, ५, ०. टीव्हीसमोर बसून आम्ही त्याला घरी पाठवला होता. पुढचे तीन डाव : नाबाद ६५, ७२, नाबाद ६२. आता आम्ही त्याला भारताच्या संघात घेतला! सहा डावांत आमचं मत जमिनीवरून आभाळात गेलं. पण सहा डावांत माणूस बदलत नाही, आपण बदलतो.

यावर उपाय आहे. फळ्यावर मांडू. समजा नवोदित सलामीवीर साधारणपणे डावाला २५ धावा करतात. हा आकडा उदाहरणापुरता धरू. नव्या खेळाडूच्या खात्यात आपण आधीच असे १२ "साधारण" डाव टाकायचे, म्हणजे ३०० धावा. मग त्याचे खरे डाव मिळवत जायचं. ऋतुराजचे पहिले तीन डाव : ५ धावा. ३०० अधिक ५ भागिले १५, म्हणजे साधारण २०. सहा डाव झाल्यावर : ३०० अधिक २०४ भागिले १८, म्हणजे २८. बघा, नुसती सरासरी दोनाच्याही खालून ३४वर उडी मारते. आपला अंदाज २०वरून २८वर सरकतो. जसजसे खरे डाव वाढतील तसतसं त्या उसन्या बारा डावांचं वजन कमी होत जाईल.

ही आमच्या घरची युक्ती नाही. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९७०च्या हंगामातले १८ बेसबॉल फलंदाज घेतले. पहिल्या ४५ संधींवरून उरलेल्या हंगामाचा अंदाज करायचा. एक पद्धत : आतापर्यंत जे झालं तेच पुढे होईल. दुसरी पद्धत : प्रत्येकाला सगळ्यांच्या सरासरीकडे थोडं ओढायचं. दुसऱ्या पद्धतीची एकूण चूक, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज, पहिलीच्या साडेतीन पट कमी निघाली!

पण थांबा, त्यातला एक जण महत्त्वाचा आहे. रोबेर्तो क्लेमेंते. सुरुवातीला त्याची सरासरी ०.४००. ओढून घेतल्यावर अंदाज आला सुमारे ०.२९०. उरलेल्या हंगामात त्यानं खरोखर केली ०.३४६. म्हणजे पद्धतीनं त्याला गरजेपेक्षा जास्त खाली ओढलं, कारण तो खरोखरच थोर होता. ऋतुराजचंही तेच. आपण २८ म्हणालो, त्यानं पुढच्या वर्षी १६ डावांत ६३५ केल्या, डावाला जवळजवळ ४०. ऑरेंज कॅपही घेतली आणि उदयोन्मुख खेळाडूचं बक्षीसही.

हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे : ही पद्धत गर्दीच्या बाबतीत बरोबर ठरते आणि असामान्य माणसाच्या बाबतीत चुकते.

दुसऱ्या वर्षी नवोदित "पडतो" असं म्हणतात, त्यातही बराचसा हाच हिशेब असतो. उमरान मलिकनं २०२२ला २२ बळी घेतले, बक्षीस मिळालं. २०२३ला आठ सामन्यांत पाच बळी. लोक म्हणाले, डोक्यात हवा गेली. अहो, बक्षीस मिळतं तेच मुळी गुण आणि नशीब दोन्ही एका वर्षी जुळल्यावर. गुण राहतात, नशीब दरवर्षी तेवढंच मिळत नाही.

पाचवा प्रश्न : निवडणाऱ्यांना काय दिसतं?

आयपीएलमध्ये २००८ ते २०२५ अशी ही अठरा बक्षिसं झाली. आम्ही मोजली. बारा मुख्यतः फलंदाजांना, पाच मुख्यतः गोलंदाजांना, एक नितीशकुमार रेड्डी या अष्टपैलूला. परदेशी खेळाडू एकच, मुस्तफिजुर रहमान. कॉल्डरच्या २००६ ते २०२५ या वीस ट्रॉफ्यांत चौदा आघाडीच्या खेळाडूंना, पाच बचावपटूंना आणि एकच गोलरक्षकाला, २००९मध्ये स्टीव्ह मेसनला. चांगले बचावपटू, गोलरक्षक, गोलंदाज येत नव्हते असं नाही. धावा आणि गोल डोळ्यांत भरतात. भाकीत करणाऱ्यानं न्याय शोधायचा नसतो, मत देणाऱ्याचा डोळा शोधायचा असतो. दोन्हींत फरक आहे हे मात्र विसरायचं नाही.

मग किती सांगता येतं?

आता हिशेब. एनएचएलमध्ये दरवर्षी सगळे संघ ओळीनं तरुण खेळाडू निवडतात. पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला म्हणजे जगभरच्या पारख्यांचा त्या वर्षीचा कौल. वीस कॉल्डर विजेत्यांपैकी पहिल्या क्रमांकाचे किती? ओव्हेच्किन, केन, मॅकिनन, एकब्लाड, मॅथ्यूज, बेडार्ड. सहा. वीसात सहा, म्हणजे ३० टक्के. उरलेल्यांत काप्रिझोव्ह १३५व्या क्रमांकाचा, हटसन ६२व्या, आणि पनारिनला तर कुणी निवडलंच नव्हतं!

याचा अर्थ पारखी मूर्ख असा नाही. शेकडो मुलांतून एक नाव काढून दहातून तीनदा बरोबर येणं ही मोठी गोष्ट आहे. पण दहातून सात वेळा तुमचं लाडकं नाव हरणार, हेही तितकंच खरं. म्हणून आम्ही वहीत आता एक नाव लिहीत नाही. पाच नावं लिहितो, प्रत्येकापुढे टक्के, आणि सहावी ओळ : "यांपैकी कोणीच नाही". त्या ओळीला आम्ही चांगले २५-३० टक्के देतो. तेव्हापासून चहा कमी पाजावा लागतो.

शेवटचं, आणि महत्त्वाचं

व्याख्यानाआधी एका ताईंनी विचारलं, "माझी मुलगी तेरा वर्षांची. निवड चाचणीत दोन डाव मिळाले, दोन्हींत लवकर बाद. आता पुढे काय अर्थ आहे का?" आम्ही म्हटलं, उत्तर व्याख्यानात देतो. ताई, आता देतो.

तुमच्या मुलीचे दोन डाव म्हणजे दोन हळकुंडं. त्यावरून पोत्याचा भाव होत नाही, इतकं तर आपण फळ्यावरच बघितलं.

दुसरी गोष्ट जन्मतारखेची. वयोगटाची रेघ एका तारखेला ओढलेली असते. रेघेच्या लगेच पुढे जन्मलेलं मूल आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेलं मूल एकाच गटात येतं. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे जवळजवळ आयुष्याचा दहावा हिस्सा! मोठं मूल उंच, ताकदीचं, म्हणून निवडलं जातं, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, मग ते खरंच पुढे जातं. कॅनडातल्या हॉकीत रॉजर बार्न्स्ली यांनी १९८५मध्ये हे दाखवून दिलं. तिथे रेघ १ जानेवारीची, आणि वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी. पुढे २०१३मध्ये रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी एनएचएलमध्ये निवडले गेलेले कॅनडाचे खेळाडू तपासले. जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेले निवडीत सुमारे ३४ टक्के, पण प्रत्यक्ष खेळलेल्या सामन्यांत त्यांचा वाटा सुमारे ४२ टक्के आणि गुणांत ४४ टक्के. म्हणजे धाकट्यांना पारख्यांनी कमी लेखलं होतं. ज्यांचा धंदाच पारख करण्याचा, पैसा लावून, तेही चुकले. मग जिल्ह्याच्या चाचणीत दोन डाव बघणारे आम्ही-तुम्ही कोण?

तिसरी गोष्ट, मघाशी लक्षात ठेवा म्हटलेलं वाक्य. गर्दीच्या हिशेबात बरोबर ठरणारी पद्धत क्लेमेंतेच्या बाबतीत चुकते, ऋतुराजच्या बाबतीत चुकते. आम्ही वहीत चुकलो तर एक चहा. निवडणारा चुकला, आणि त्या चुकीवर आईबापांनी बॅट माळ्यावर टाकली, तर एक पोर. दोन्ही चुका कागदावर सारख्या दिसतात, पण त्यांची किंमत सारखी नाही. आणि मुलींच्या बाबतीत ती बॅट माळ्यावर जरा लवकरच जाते, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

स्मृतीचंच बघा. २०२३ला महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली, लिलावात सगळ्यात जास्त बोली तिच्यावर, ३ कोटी ४० लाख. त्या हंगामात आठ डावांत १४९ धावा. नव्या लीगमध्ये तीही नवीच होती. पुढच्याच वर्षी तिच्या संघानं ती लीग जिंकली आणि २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारतानं विश्वचषक. त्या विश्वचषकात तिच्या ४३४ धावा होत्या. आठ डावांवरून निकाल लावणारे तेव्हा कुठे होते?

म्हणून आमचं मागणं एवढंच. टीव्हीवरच्या हंगामाचं भाकीत खुशाल करा, टक्के लावून करा, चुकलात तर हसा. पण तेरा वर्षांच्या मुलीचं भाकीत करू नका. तिच्यासाठी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बनवा : तिला खेळायला किती मिळणार? ते मात्र आपल्या हातात आहे. मैदान, नेट, संध्याकाळी सोडायला-आणायला कुणीतरी, आणि दोन डाव वाईट गेल्यावर तिसरा डाव.

ताई, तिला तिसरा डाव द्या.